खापरला येणाऱ्यांसाठी

खापरच्या बसथांब्यावर कुणालाही विचारा, इथे पाहण्यासारखं काय आहे? उत्तर एकच मिळेल: काही नाही. मग विचारणाऱ्याचा चेहरा पाहून सांगणाऱ्यालाच जरा वाईट वाटेल आणि तो हात लांब करून दुसरीकडची गावं सांगायला लागेल. तोरणमाळला जा, तलाव आहे. प्रकाशाला जा, महादेवाची देवळं आहेत. केवडियाला जाऊन पुतळा बघून या, पहाटे निघालात तर रात्री परत. स्वतःच्या गावाबद्दल इतकी विनम्र माणसं मी फार पाहिलेली नाहीत. ही विनम्रता खोटीही नसते. देऊळ, किल्ला किंवा धबधबा यांपैकी एक तरी असल्याशिवाय गाव पाहण्यासारखं होत नाही, असा आपल्या सगळ्यांचाच हिशेब आहे, आणि त्या हिशेबात खापर बसत नाही.

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. कंपनीने मध्यंतरी त्याला जपानमध्ये कानाझावाला पाठवलं होतं. येताना त्याने माझ्यासाठी त्या शहराची, पाहुण्यांच्या सोयीसाठी काढलेली एक पुस्तिका आणली. इतकी देखणी, की हात धुऊन उघडावी. केनरोकुएन नावाची बाग, आणि बर्फाच्या भाराने झाडांच्या फांद्या मोडू नयेत म्हणून १ नोव्हेंबरपासून तिथे फांद्यांना दोर बांधायला घेतात ते काम. ओमिचो बाजारातली, भातावर कच्च्या माशांचे तुकडे मांडून देणारी दुकानं. बदकाच्या मांसाचं ‘जिबुनी’ नावाचं दाटसर कालवण. सोन्याचा वर्ख, कारण जपानमधला जवळजवळ सगळा वर्ख त्या एका शहरात बनतो, आणि आता तो आइस्क्रीमवरही चिकटवून देतात. २०१५ साली टोकियोहून थेट बुलेट ट्रेन आली, तेव्हापासून पाहुण्यांची रीघ. काय कुठे, किती वाजता उघडतं, कितीला मिळतं, सगळं नेमकं. भाचा म्हणाला, “मामा, आपल्या खापरची अशी एक चोपडी काढा ना. तुम्हाला सगळं माहिती आहे.”

मी वही काढली. वर नाव घातलं. खाली ‘काय पहावं’ असं लिहिलं आणि तिथेच अडलो.

अशी पुस्तकं कोण कुणासाठी लिहितं हे एकदा पाहिलं की पुष्कळ गोष्टी उलगडतात. मिशेलिन कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी फुकट मार्गदर्शिका काढली, ती लोकांनी भटकावं आणि टायर झिजवावेत म्हणून. हॉटेलांना तारे देणं नंतरचं. जपानात त्याच्याही आधी, १७८० साली, क्योतोतल्या नामवंत स्थळांचं सचित्र पुस्तक निघालं आणि भरपूर खपलं. आमच्याकडे त्याच वर्गात बसवायचं तर १८८० सालचं खानदेशचं गॅझेटियर आहे. त्याच्या शेवटी प्रेक्षणीय ठिकाणांचं प्रकरण आहे, पण ते घोड्यावरून फिरतीवर निघालेल्या साहेबासाठी. त्या काळच्या सरकारी कागदांत आमचा हा सातपुड्याच्या पायथ्याचा भाग ‘मेवास’ म्हणून येतो. चिखली, काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, रायसिंगपूर अशी सहा लहान लहान संस्थानं. साहेबाला त्यांच्यात पाहायचं होतं ते एवढंच, की कोण सरळ वागतो आणि कुणावर लक्ष ठेवावं लागेल.

माझी नजर यांपैकी कुठलीच नाही. आमचं किराणा दुकान. मी गाव पाहिलं ते दुकानाच्या ओट्यावरून. समोर पाय मोकळे करत बसलेली, डोंगरातून उतरलेली माणसं. त्यांच्या टोपलीत मोहाची फुलं, चारोळी, आमचूर. आणि आमच्या बाजूला मीठ, गूळ, साबण, घासलेट. तराजू आमच्या हातात. हे वाचकाला सांगितलेलं बरं, कारण तराजूच्या मागे बसलेल्या माणसाला गाव एका विशिष्ट बाजूनेच दिसतं. पुढे जे लिहितोय ते त्या बाजूने जेवढं दिसलं तेवढं.

आधी येण्याचं. खापरला रेल्वे नाही. सुरत–भुसावळ मार्गावर नंदुरबारला उतरायचं आणि तळोदा, अक्कलकुवा करत बसने यायचं. तळोदा सोडलं की उजव्या हाताला सातपुडा लागतो आणि मग तो सोबत सोडत नाही. डाव्या हाताला ऊस, केळी, कापूस. अक्कलकुव्यात बस बरीच रिकामी होते. १९७९ साली सुरू झालेल्या तिथल्या जामिया संस्थेत शिकायला देशभरातून मुलं येतात, त्यामुळे या आडबाजूच्या एस.टी. स्टँडवर बिहारची, काश्मीरची बोली कानावर पडली तर चकित होऊ नये. त्यानंतर खापर. बऱ्हाणपूरहून अंकलेश्वरला जाणारा जुना रस्ता गावाला लागून जातो. मालमोटारी रात्रंदिवस. थोडं पुढे गेलं की महाराष्ट्र संपतो, दुकानांवरच्या अक्षरांची शिरोरेघ गळून पडते आणि सागबारा तालुका लागतो.

ही सीमा १९६० सालची. मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातेत गेली. मामा इकडे आणि भाचा तिकडे, अशी घरं इथे सर्रास आहेत. गावात मराठी बोलतात, अहिराणी बोलतात, गुजराती बोलतात, दुकानदारांच्या घरात मारवाडी बोलतात, आणि गल्ल्यावर बसलेला प्रत्येक जण आकडे मात्र देहवालीत सांगतो. देहवाली ही पायथ्याच्या सपाट मुलखातल्या भिल्लांची बोली. डोंगर चढलात की ती बदलते. आमच्या आजोबांना ओट्यावर बसल्या बसल्या, समोरचा माणूस दोन वाक्यं बोलला की तो कुठल्या पट्ट्यातला हे कळायचं.

आता ‘काय पहावं’. इथे मी ज्यावर अडलो ते असं, की कानाझावाची बाग मंगळवारीही आहे आणि शुक्रवारीही आहे. तिला दार आहे, तिकीट आहे, दाराला वेळ आहे. खापरच्या परिसरात जे खरोखर पाहण्यासारखं आहे त्याला जागा फारशी नाही, दिवस आहे. तो दिवस टळला की त्याच जागेवर जाऊन उभे राहा, शेण, झुडपं आणि विजेचा खांब. तेव्हा नकाशा काढण्यात अर्थ नव्हता. पंचांग काढायला हवं होतं. मी तसं काढायला बसलो, तर लक्षात आलं की यातले अर्धे दिवस कुठल्याच पंचांगात नाहीत.

महाशिवरात्रीपासून सुरुवात करतो, कारण ती निदान दिनदर्शिकेत सापडते. त्या दिवसांत खापरच्या रस्त्याने पश्चिमेकडे माणसांची रांग लागते. पायी, ट्रॅक्टरमधून, जीपच्या टपावरून. डोक्यावर बांबूची नवी टोपली, तिच्यावर कापड. ती देवमोगऱ्याला चाललेली असतात, सागबारा तालुक्यात, याहामोगीच्या दर्शनाला. याहामोगी ही या सगळ्या मुलखाची आई. मोठा दुष्काळ पडला तेव्हा तिने माणसांना आणि गुरांना जगवलं असं सांगतात, म्हणून टोपलीत तिच्यासाठी धान्य असतं, सोबत नारळ, कोंबडा आणि मोहाची दारू. गुजरातेत दारूबंदी, पण देवीला मोहाची धार लागतेच. कायदा देवळाच्या अलीकडे कुठेतरी चप्पल काढून उभा राहत असावा. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान, सगळीकडचे लोक येतात. पाहुण्याने तिथे जायचं तर देऊळ पाहायला जाऊ नये. देऊळ साधं आहे. त्या रस्त्याच्या कडेला बसावं आणि टोपल्या पाहाव्यात. नव्या बांबूची, अजून हिरवट असलेली वीण, वर बांधलेलं फडकं, आणि टोपली सावरणारा हात. एका टोपलीसारखी दुसरी नसते. माझ्या मते आमच्या भागातलं सर्वांत सुंदर प्रदर्शन हे आहे, आणि ते चालत जातं.

त्यानंतर पळस फुलतो आणि भोंगऱ्या बाजार सुरू होतात. होळीच्या आधीचे आठवडी बाजार हे. धडगावचा बाजार फार मोठा भरतो. गूळ, दाळ्या, खजूर, साखरेचे हार-कंगन, गुळाच्या पाकातली गोडी शेव, चांदीचे दागिने, घुंगरं. ढोल घेऊन आलेले तरुण. माणूस माणसाला खेटून. बाजारातून पोरी पळवतात अशी एक रसभरीत कथा शहरी लोक फार आवडीने सांगतात. बाजारात गेलात की दिसतं ते असं, की बहुतेक जण गूळ-दाळ्या घ्यायला आणि नातेवाइकांना भेटायला आलेले आहेत. होळीची खरेदी ही काही कमी रोमांचक गोष्ट नाही.

मग होळी. इथे माझी चोपडी जाड होणार.

पहिली होळी डाबची. डाब हे अक्कलकुवा तालुक्यातलंच, डोंगराच्या पोटातलं गाव. देवांचं मूळ ठिकाण ते, म्हणून मान त्याचा. मग काठीची, राजवाडी होळी. मग मोलगी, आणि मग एकेका गावाची, एकेका दिवशी. हे सगळं एका पौर्णिमेत उरकत नाही. दिवस कुठला ते गाव ठरवतं. बाहेरच्या माणसाला यात पहिल्यांदा गोंधळ वाटतो, पण त्यात मोठी सोय आहे. सगळ्यांची होळी एकाच दिवशी असती तर कुणीच कुणाच्या होळीला जाऊ शकलं नसतं. दिवाळीचंही तसंच. आमच्या दुकानात दिवाळीचं सामान पणत्या विझून गेल्यावरही बराच काळ खपत राहायचं, कारण डोंगरातल्या गावांची दिवाळी अजून व्हायची असायची.

काठीची होळी १२४६ सालापासून चालत आली आहे असं सांगतात. त्या सालाबद्दल वाद घालणारे घालोत. मला तिथे कधी सालाची आठवण झाली नाही. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढायचा, मोलगीच्या बाजूला जायचं आणि दिवस मावळायच्या आत पोचायचं. होळीचा दांडा म्हणजे एक अख्खा उंच बांबू. तो गुजरातच्या जंगलातून माणसं खांद्यावर घेऊन येतात. दांड्याचा खड्डा हातांनी खणायचा, कुदळ-फावडं लावायचं नाही. आणि होळी पेटते ती पहाटे. म्हणजे रात्रभर करायचं काय, तर नाचायचं. गावोगावचे ढोल येत राहतात. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं असे ‘बुध्या’ एका लयीत नाचतात. शेकडो कमरांची घुंगरं एकाच ठोक्यावर वाजली की आवाज कानाने ऐकायचा राहत नाही, तो छातीत येतो.

त्या सजावटीवर सगळे कॅमेरे रोखलेले असतात. सजावटीच्या मागे काय आहे ते मात्र छायाचित्रात येत नाही. बुध्या होणारा माणूस नवस बोललेला असतो आणि होळीच्या आधीपासून पालनी पाळत असतो. खाटेवर बसायचं नाही, पायात चप्पल नाही, घरसंसारापासून दूर, जेवणाखाणाचे नियम. शेवटची होळी झाल्यावर, देवाचं देणं फेडून मग तो त्यातून सुटतो. म्हणजे ज्याच्या खांद्यावर हात टाकून आपण फोटो मागतो तो माणूस त्या क्षणी व्रतात असतो. वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ या संग्रहात ‘स्टेज’ नावाची कविता आहे. आदिवासींच्या दुःखाबद्दल मंचावरून दुसरेच बोलतात आणि आदिवासी खाली बसून ऐकतात, याबद्दलची. काठीच्या मैदानात मला ती वेगळ्या रीतीने आठवते. तिथे मंच नाही. तिथे पाहुण्यासाठी वेगळी जागाच नाही. एकतर साखळीत हात धरून नाचा, नाहीतर वाटेतून बाजूला व्हा. हल्ली पहाटे होळीभोवती मोबाइल उंच धरून पाहुण्यांची एक भिंत उभी राहते आणि ज्यांची होळी आहे ती माणसं त्या भिंतीमागून डोकावतात. चोपडीत एकच सूचना ठळक अक्षरांत छापायची झाली तर मी ही छापेन, की मागे उभे राहा. बांबू उंच आहे, मागूनही दिसतो.

याच सुमारास मोह गळायला लागतो. त्याची बातमी कुठे येत नाही. जपानमध्ये चेरी कुठे कधी उमलणार याचे अंदाज दर वर्षी जाहीर होतात, लोक रजा टाकून ठेवतात. मोहाचं फूल झाडावर पाहण्याजोगं नसतंच. ते रात्री उमलतं आणि पहाटे खाली पडतं. झाडाखालचा पाला आधीच झाडून, जाळून जमीन साफ केलेली असते. उजाडायच्या आत बायका-पोरं टोपल्या घेऊन तिथे. पिवळसर, मांसल, रसाने भरलेली फुलं. ऊन चढलं की माश्या, गुरं आणि वास. तो वास दोनच प्रकारच्या लोकांना असतो, आवडणाऱ्यांना आणि पळून जाणाऱ्यांना. आमच्या घराच्या मागच्या खोलीत पोत्यांची थप्पी असायची, आणि शाळेत माझ्या शर्टाला मोहाचा वास येतो असं मुलं म्हणायची. पाहुण्याला हे दाखवायचं तर पहाटे चारला उठवावं लागेल. उठलेले पाहुणे मला अजून भेटायचे आहेत.

उरलेलं वर्ष मी भराभर सांगतो. वैशाखात डोंगरातल्या घरांच्या छपरांवर आणि खडकांवर कैरीच्या फोडी वाळत पडतात; मोलगीच्या बाजारात तेव्हा आमचुराची पोतीच पोती. पावसात रस्ता कधी बंद होईल याचा नेम नाही, पण सातपुडा पाहायचा तर तेव्हाच. पहिल्या हिरवाईला निलचारीची पूजा होते आणि त्यानंतर नवी रानभाजी तोंडात घालायची, असा रिवाज. नवं धान्य आलं की त्याची नवाई. दिवाळीला तळोद्याकडून अस्तंब्याची यात्रा निघते, अश्वत्थाम्याच्या शिखरावर, १,३२५ मीटर. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो अजून याच डोंगरात फिरतो असं मानतात. दत्तजयंतीला घोड्यांची हौस असेल तर तापीकाठी सारंगखेड्याला जा. ही सगळी ठिकाणं पुस्तकांत आहेत, त्यांच्याबद्दल मी नवं काही सांगणार नाही.

केवडियाबद्दल मात्र सांगतो, कारण खापरहून सगळे तिथेच जायला सुचवतात. ३१ ऑक्टोबर २०१८ ला सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचं अनावरण झालं आणि आमच्या रस्त्यावरच्या मोटारी वाढल्या. नंदुरबार, धुळे, जळगावकडची कुटुंबं खापरला चहासाठी थांबतात आणि पुढे जातात. पुतळ्याच्या जवळच सरदार सरोवराचं धरण. त्या धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, नर्मदेच्या दक्षिण काठावर, मणिबेली आहे. ते गाव महाराष्ट्रातलं, आमच्याच अक्कलकुवा तालुक्यातलं. अक्कलकुवा आणि अक्राणी हे दोन तालुके मिळून महाराष्ट्राची ३३ गावं या पाण्याखाली आली. १९९०च्या दशकात धरणाविरुद्धच्या लढ्यामुळे ‘मणिबेली’ हे नाव दिल्लीपासून वॉशिंग्टनपर्यंत लोकांना माहीत होतं, आणि नंदुरबारच्या पलीकडे फारसं कुणी तिथे गेलेलं नव्हतं. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. नर्मदा बचाओ आंदोलनाने नदीकाठच्या पाड्यांवर जीवनशाळा सुरू केल्या, आणि तिथली मुलं आपल्या बोलीतून लिहा-वाचायला शिकली.

एकाच धरणाच्या या दोन बाजू. एका बाजूला लेझर शो, तंबूंचं शहर, तिकिटाची खिडकी. दुसऱ्या बाजूला पोचायला तालुक्याच्या गावाहून डोंगर ओलांडावे लागतात, नाहीतर बोट. मी मणिबेली ‘प्रेक्षणीय’ यादीत घालावं का, यावर पुष्कळ विचार केला. शेवटी घातलं नाही. ज्यांना काम आहे, ज्यांना कुणाला भेटायचं आहे, त्यांनी जावं. बुडालेलं गाव पाहायला म्हणून कुणी बोट करून जावं, ही कल्पना मला सोसवत नाही. भाचा म्हणतो, हिरोशिमाला लोक जातातच ना. जातात. पण तिथे काय दाखवायचं, कसं दाखवायचं हे हिरोशिमाने स्वतः ठरवलंय. मणिबेलीला तसं कुणी विचारलेलं नाही.

आता खाण्याचं. इथे मी मनापासून खूश आहे.

सकाळी खापरच्या रस्त्यावर पापडी-फाफडा तळला जातो, सोबत कच्च्या पपईचा संभारो, तळलेली मिरची आणि पातळ कढी. गुजरात इथवर पोचतो तो असा पोटातून. दुपारी खानदेश: शेवभाजी, लाल तर्री, वर कोथिंबीर नावापुरती, दाल-बट्टी, थंडीत वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. सणाला घरोघरी खापरावरची पुरणपोळी, तव्यावर न मावणारी, हातावर फिरवून मोठी केलेली. पाहुणे ती हॉटेलात मागतात. हॉटेलात मिळत नाही. रात्री ढाब्यांवर ‘काठियावाडी’ पाट्या लागतात आणि शनिवारी गुजरात पासिंगच्या गाड्या. त्या केवळ शेवभाजीसाठी सीमा ओलांडत नाहीत हे सुज्ञांस सांगणे न लगे. तिकडे बंदी, इकडे परवाना. सीमेवरच्या गावाची अर्धी अर्थव्यवस्था त्या एका रेषेवर उभी असते. संध्याकाळी त्या बाजूला कुटुंब घेऊन जाऊ नका, एवढी सूचना पुरे.

रस्त्याकडेला बसणाऱ्या बायकांकडून घ्या. पावसानंतर सीताफळं, थंडीत बोरं, उन्हाळ्यात चारोळी. जपानमध्ये १९९३ पासून हमरस्त्यांच्या कडेला सरकारमान्य थांबे आहेत, ‘मिची-नो-एकी’ म्हणतात. आसपासचे शेतकरी तिथे आपला माल ठेवतात, पाकिटावर शेतकऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. भाच्याने त्याचे फोटो दाखवले तेव्हा मला हेवा वाटला, इमारतीचा नाही, नावाचा. आमच्या बायका वाट्यावर विकतात. एक वाटा दहाचा, वीसचा. त्यात घासाघीस करणारी माणसं मोटारीतून उतरलेली असतात. खानदेशात खरेदी करायचीच असेल तर नवापूरची तूरडाळ घ्या. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि मानांकन नसतं तरी ती तेवढीच चवीची होती. नंदुरबारची मिरची थंडीत घ्या, शहराबाहेर मैदानंच्या मैदानं लाल होतात तेव्हा.

पण या मुलखातलं जे खरं जेवण, ते विकत मिळत नाही. कानाझावाच्या पुस्तिकेतला प्रत्येक पदार्थ कुठल्या तरी दुकानात मिळत होता. माझ्या यादीतले बहुतेक पदार्थ कुणाच्या तरी चुलीवर होते. पाड्यावरच्या घरात ज्वारीची भाकर, घट्ट शिजवलेली उडदाची डाळ, तिच्यात लसूण आणि मिरची, फोडणीचा थाट नाही. पावसात बांबूचे कोवळे कोंब, ओढ्यातले खेकडे. भगरीचा भात. मोहाची फुलं भाजून, कुटून. पाहुणा आला तर कोंबडी. मी लहानपणी आजोबांबरोबर वसुलीला जायचो तेव्हा हे जेवलो आहे. ज्याच्याकडे उधारी मागायला गेलो त्याच्याच घरी कोंबडी कापलेली असायची. आजोबा जेवायचे, पाणी प्यायचे, आणि वही न उघडता परत यायचे. घरी आल्यावर आजी विचारायची, “काय आणलं?” आजोबा म्हणायचे, “जेवून आलो.” त्या दोघांच्यात त्यावर वाद व्हायचा आणि तो कुणीच जिंकत नसे.

तर अशा घरी जेवायला मिळण्यासाठी पाहुण्याने काय करावं? ओळख काढावी. दुकानदार, शिक्षक, आशाताई, कुणीही. या भागात प्रत्येकाचा कुणीतरी डोंगरात असतो. आधी निरोप पाठवावा. “जोहार” म्हणावं. खाट पुढे केली की बसावं, पाणी दिलं की प्यावं. चुलीपाशी फोटो काढू नयेत. वाढलेलं टाकू नये. कोंबडीचा मोठा तुकडा तुमच्या पानात पडला तर तो कुणाच्या तरी पानातून आलेला आहे. जेवणाचे पैसे विचारू नयेत. मग रिकाम्या हातांनी जायचं का? तर नाही. गूळ न्यावा, चहापत्ती न्यावी, लेकरांना बिस्किटं न्यावीत. सगळं खापरलाच घ्या, वर महाग पडतं. परतीची जीप मोलगीहून भरली की निघते आणि शेवटची बरीच लवकर भरते, तेव्हा वेळ विचारत बसू नका, आधी जागा धरून ठेवा.